आप्पांच्या तपासणीला डॉक्टरांचं बोलणं लिहून घेणारं अ‍ॅप वापरलं तर चालेल का?

लेथवाला कुपवाड

नमस्कार मंडळी. राहायला सांगलीत संजयनगरला, कामाला कुपवाड एमआयडीसीत. प्रश्न वडिलांचा आहे. आप्पांचं वय 71. हृदयाची मायट्रल झडप खराब झाली म्हणून कृत्रिम झडप बसवली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी आता जन्मभराची. ही गोळी बीपीच्या गोळीसारखी एकदा ठरली की ठरली अशी नसते. दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासायचा, आप्पांचा आकडा 2.5 ते 3.5 च्या मध्ये राहिला पाहिजे असं सांगितलंय, आणि तो बघून गोळी कमी-जास्त करतात. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी व्हायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची.

अडचण कानाची. आप्पांची सगळी नोकरी साखर कारखान्यात मिलच्या कडेला गेली, त्या आवाजानं कान गेले. कानाचं मशीन घेऊन दिलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून खिशात असतं. मिरजेत तपासणीला गेलं की डॉक्टर एका दमात सांगतात, निम्मं मराठी निम्मं इंग्रजी, आणि आप्पा मान डोलावतात. माझी शिफ्ट असली की आई बरोबर जाते. संध्याकाळी घरी येऊन विचारलं तर आप्पा म्हणतात, "बरं हाय म्हणाले." आई म्हणते, "गोळी बदललीया, कशी ते कागदावर बघ." कागदावर दोन आकडे आणि एक बाण.

आमच्या वर्कशॉपमधल्या एका पोरानं मोबाईलवर बोललेलं लगेच लिहून दाखवणारं अ‍ॅप दाखवलं. घरी लावून बघितलं तर बऱ्यापैकी जमतंय. पण दवाखान्यात लावायचं म्हणजे धाकधूक वाटते. डॉक्टरांना राग येईल का? त्यात लिहून आलेल्या गोळीच्या आकड्यावर विसंबायचं का? आणि मराठी-इंग्रजी मिसळलेलं बोलणं कुठल्या अ‍ॅपला नीट कळतं? कुणी वापरत असेल तर सांगा.

विट्याच्या बाई

दादा, मी वापरते, रोज. मला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं आणि मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्यासाठी ही हौसेची गोष्ट नाही. सविस्तर लिहिते, कारण तुमच्या आप्पांच्या जागी मी स्वतः बसलेली आहे.

मी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब वापरते. 2019 साली आलं, फुकट आहे. वॉशिंग्टनला गॅलोडेट म्हणून कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे, त्यांच्या सोबतीनं बनवलंय. मराठी आहे. सेटिंगमध्ये पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी ठेवा, म्हणजे डॉक्टर इंग्रजीवर घसरले की एका बोटानं बदलता येतं. आपले शब्द आधी भरून ठेवायचीही सोय आहे. आप्पांच्या गोळ्यांची नावं, "आयएनआर", डॉक्टरांचं आडनाव, सगळं घालून ठेवा. पुष्कळ फरक पडतो.

आता खरी गोष्ट. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला संध्याकाळी कळावं म्हणून तुम्ही अ‍ॅप शोधताय. साहजिक आहे, काळजी तुमची आहे. पण माझं ऐका, तो मोबाईल आप्पांच्या हातात द्या. अक्षरं मोठी करा आणि स्क्रीन त्यांच्याकडे ठेवा. आप्पा पेपर वाचत असतील ना? मग हेही वाचतील.

ऐकू न येणारा माणूस दवाखान्यात गेला की काय होतं ते सांगते. पहिल्या मिनिटाला डॉक्टरांच्या लक्षात येतं की याला ऐकू येत नाही, आणि त्या क्षणापासून ते बरोबरच्या माणसाशी बोलायला लागतात. "यांना भूक लागते का?" "झोप कशी आहे यांना?" पोट माझं, झोप माझी, आणि उत्तर देतोय माझा भाऊ, ज्याला मी रात्री किती वाजता उठते तेही माहीत नाही. मी मान डोलवायचे. मान डोलवली म्हणजे समजलं असं नसतं दादा. तिसऱ्यांदा "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटते, मागे रांग असते, म्हणून माणूस मान डोलवतो. तुमचे आप्पाही त्यासाठीच डोलवत असणार. मास्क आले तेव्हापासून तर ओठांवरून ओळखायचीही सोय राहिली नाही.

समोर स्क्रीन असली की डॉक्टर माझ्याकडे बघून बोलतात, मी वाचते आणि उत्तर मी देते. दोन-तीन सेकंदांचा उशीर होतो, तेवढं डॉक्टर थांबतात. बहुतेक जण थांबतात, माझा अनुभव चांगला आहे. सुरुवातीलाच मी सांगते, "डॉक्टर, मला ऐकू येत नाही, हे तुमचं बोलणं लिहून दाखवतं, लावू का?" नाही म्हणणारे फार कमी भेटले. लपवून मात्र कधीच लावू नका. लपवून लावलेला फोन खिशात राहतो, खिशातून नुसती खरखर येते, आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं तर कायमचा विश्वास जातो.

फोन ठेवायचा कसा यालाही महत्त्व आहे. खालच्या कडेला माइक असतो, ती कड डॉक्टरांकडे करून टेबलावर ठेवा, कागदांच्या गठ्ठ्यावर नको. वर पंखा गरगरत असेल तर वायरवाला कॉलर माइक घ्या आणि विनंती करून डॉक्टरांच्या टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवा.

गोळीच्या आकड्याचं विचारलंत. नाही, अजिबात विसंबू नका. माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. थायरॉईडच्या गोळीबद्दल डॉक्टर म्हणाले, "दिवसाआड दीड." स्क्रीनवर आलं, "दिवसा आठ दीड." मी तिथंच बोट ठेवून दाखवलं म्हणून कळलं. आपल्या बोलण्यात दीड, अडीच, पाऊण, एकाआड एक, हे सगळं भरभर जातं आणि नेमकं तिथंच यंत्र अडखळतं. म्हणून माझी पद्धत ठरलेली आहे. उठायच्या आधी मीच मोठ्यानं म्हणते, "म्हणजे सोमवारी दीड, मंगळवारी एक, बुधवारी दीड, बरोबर?" वाराच्या नावानिशी. डॉक्टर हो म्हणाले की त्यांनाच कागदावर तसं वारांसकट लिहायला सांगते. आप्पांच्या गोळीला तर हे हवंच.

आणखी एक. आप्पांची ऐकण्याची तपासणी करून घेतली आहे का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची हानी 60 ते 70 डेसिबल असेल तर "ऐकण्यास कठीण" आणि 70 च्या पुढे असेल तर "बहिरेपण" धरतात. सिव्हिलमधून प्रमाणपत्र मिळालं की दवाखान्यात "हे लावू द्या" म्हणताना मागे कायदा असतो. मशीन शिट्टी मारतं म्हणजे बहुतेक साचा कानात नीट बसत नाही किंवा कानात मळ आहे. ज्यानं दिलं त्याच्याकडे एकदा जा, खिशात ठेवू नका.

जतकर

बाईंचं सगळं पटलं. एक भर घालतो. आमची आज्जी घरात कन्नड बोलते आणि डॉक्टरांशी निम्मं कन्नड निम्मं मराठी. जत, अथणीकडचे निम्मे पेशंट मिरजेत असेच येतात. मराठी लावलेल्या अ‍ॅपनं आज्जीचं कन्नड ऐकून जे काही मराठी लिहिलं ते वाचून डॉक्टरांना वाटलं आज्जीला भ्रम झालाय. तेव्हा घरी मिश्र बोलणं असेल तर आधी घरीच तासभर लावून बघा.

डॉक्टर, सातारा

मी फिजिशियन आहे, साताऱ्यात प्रॅक्टिस करतो. डॉक्टरांना राग येईल का, याचं प्रामाणिक उत्तर देतो. विचारून लावलंत तर मला येणार नाही. न विचारता लावलंत तर येईल. त्याचं कारण माझ्यापुरतं नाही. आमच्या ओपीडीत एक पेशंट उठायच्या आत दुसरा स्टुलावर बसलेला असतो. दाराशी तिसऱ्याचा रिपोर्ट सिस्टर मोठ्यानं वाचत असतात. तुमच्या फोनमध्ये त्या तिसऱ्या माणसाची शुगर, टीबी, गरोदरपण, काहीही जाऊ शकतं, आणि त्याची परवानगी कुणी घेतलेली नाही. म्हणून आत आल्यावर सुरू करा, उठताना बंद करा.

डॉक्टरही आता उलट बाजूनं हेच वापरायला लागलेत. अमेरिकेत मोठ्या रुग्णालयांत डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून केस पेपरचा मसुदा तयार करणाऱ्या प्रणाली चालतात. मसुदा डॉक्टरनं वाचून सही करायची, तोपर्यंत तो मसुदाच. मी एक वापरून बघितली. इंग्रजीत ठीक. "छातीत कळ येते, डाव्या हाताला मुंग्या, जिना चढलं की धाप" हे मात्र तिनं अर्धवटच घेतलं आणि "डाव्या" गाळलं. डावा हात गाळलेली छातीची तक्रार मला नको, म्हणून सध्या मी हातानंच लिहितो.

तुमच्या तक्रारीत तथ्य आहे हेही मान्य करतो. 2017 साली अनेक देशांतल्या ओपीडी भेटींची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात स्वीडनमध्ये सरासरी भेट 22 मिनिटांच्या वर आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. शिवाय डॉक्टरनं सांगितलेल्यातलं 40 ते 80 टक्के पेशंट लगेच विसरतो, असं संशोधन वीस वर्षांपूर्वीच छापून आलंय. म्हणजे धडधाकट कानांच्या माणसाच्याही हाती फार थोडं लागतं. आप्पांच्या हाती काय लागत असेल, विचार करा. तुम्ही सोय शोधताय ते योग्यच करताय.

कागदाबद्दल तुमचे हक्क आहेत, ते वापरा. औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल अशा अक्षरात लिहावं हे वैद्यकीय परिषदेच्या नियमांत 2016 पासून आहे. आणि पेशंटनं मागितल्यावर 72 तासांत त्याच्या नोंदी द्यायच्या, हे 2002 च्या नियमांतच आहे. बाण काढून देणाऱ्या डॉक्टरांना नम्रपणे "वारानुसार लिहून द्या" म्हणा. मला कुणी म्हटलं तर मी लिहून देतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल एक विचारतो. आप्पांचा आयएनआर सारखा वर-खाली होतो का? तसं असेल तर ते बाकी काय घेतात हे त्यांनाच विचारून घ्या. दुखण्याच्या गोळ्या, काही अँटिबायोटिक्स, आयुर्वेदिक काढे, अचानक वाढवलेली मेथी-पालक, सगळ्याचा परिणाम होतो.

मिरज संगणक

व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. यंत्राच्या बाजूनं थोडं.

ही अ‍ॅप्स "ऐकत" नाहीत. आवाजाचे तुकडे घेऊन त्याला कुठले शब्द सगळ्यात जास्त शोभतील याचा अंदाज बांधतात. व्हिस्पर हे बोललेलं लिहून काढणारं सगळ्यात गाजलेलं मॉडेल ओपनएआयनं (चॅटजीपीटीवाली कंपनी) सप्टेंबर 2022 मध्ये खुलं केलं, 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकवलेलं. त्यातलं बहुतांश इंग्रजी, मराठीच्या वाट्याला नगण्य. म्हणून मराठीत त्याच्या चुका कितीतरी जास्त. ते 30-30 सेकंदांचे तुकडे घेतं, आणि घोळ इथंच आहे. तुकड्यात शांतता असली, माणूस अडखळत बोलला, तर ते रिकामी जागा स्वतःच्या मनानं भरतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2024 साली तपासलं तेव्हा साधारण एक टक्का तुकड्यांत कुणीच न बोललेली अख्खी वाक्यं सापडली, आणि त्यातली 38 टक्के नुकसान करतील अशी होती. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा अडखळते अशांच्या बोलण्यात हे जास्त झालं. एक टक्का म्हणजे थोडं असं वाटेल, पण न बोललेलं वाक्य चुकलेल्या शब्दासारखं डोळ्यात खुपत नाही. सगळं व्याकरणशुद्ध असतं, म्हणून नजर त्यावरून घसरते.

यावरून दोन गोष्टी. एक, बाई म्हणतात तसं समोर बसून वाचणं सगळ्यात सुरक्षित, कारण चूक तिथल्या तिथं पकडता येते. रेकॉर्डिंग घरी आणून रात्री मजकूर काढला तर चूक पकडायला डॉक्टर समोर नसतात. दोन, आलेला मजकूर चॅटबॉटला देऊन "थोडक्यात सांग" म्हणायचा मोह होतो, तो आवरा. आधीच्या चुकीवर आणखी एक अंदाज चढतो, आणि आप्पांचं नाव, आजार, डॉक्टरांचं नाव सगळं बाहेर जातं ते वेगळंच. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण आपण स्वतः दिलेली माहिती परत गोळा करता येत नाही.

मराठीसाठी आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या संशोधन गटानं 22 भारतीय भाषांची खुली मॉडेल्स केलीत, केंद्र सरकारच्या भाषिणी या भाषा-प्रकल्पातही असंच काम चालू आहे. त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या माणसांचे आवाज गोळा केले, त्यामुळे आपल्याकडचं बोलणं त्यांना तुलनेनं बरं कळतं. लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालवता येतात, पण बसवायला जाणकार लागतो. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही.

लेथवाला कुपवाड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सुट्टी टाकून मीच गेलो होतो, काय झालं ते सांगतो.

आत गेल्या गेल्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले लावा की. फोन आप्पांसमोर ठेवला, अक्षरं सगळ्यात मोठी. पहिलं वाक्य स्क्रीनवर आलं तसं आप्पांनी चष्मा लावला आणि पुढं सरकले. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते, मी नुसतं बोटानं आप्पांकडे दाखवलं. मग ते आप्पांशी बोलायला लागले, आपोआप सावकाशही बोलायला लागले.

आयएनआर 4.2 आला होता. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं काही औषध घेता का. मी "नाही" म्हणणारच होतो. आप्पांनी वाचलं आणि म्हणाले, "गुडघ्याला गोळी घेतो की, मेडिकलमधनं." कधीपासून, तर पावसाळ्यापासून, चावडीवरच्या कुणीतरी नाव सांगितलं होतं. आम्हाला घरात कुणालाच पत्ता नाही. डॉक्टरांनी ती गोळी लगेच बंद करायला सांगितली, रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर त्यानं पोटात रक्तस्राव होऊ शकतो म्हणाले. गुडघ्याला दुसरं लिहून दिलं, झडपेची गोळी दोन दिवस थांबवून वारानुसार नवीन प्रमाण दिलं. आठवड्यात परत तपासायला बोलावलंय.

सातारच्या डॉक्टरसाहेबांनी हेच विचारायला सांगितलं होतं, म्हणून त्यांचे वेगळे आभार. आणि बाई, तुमचे तर कसे मानू. इतकी वर्षं आप्पांना कुणी सरळ विचारलंच नव्हतं, आणि त्यांना प्रश्न ऐकूही आला नव्हता.

आकड्यांची चूक झालीच. "अडीच"चं एकदा "आणीच" आलं. आप्पांनीच बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

आता पुढचा प्रश्न. आप्पांची एक दाढ काढायची आहे. दातांच्या दवाखान्यात मास्क, मशीनची घरघर, आणि आप्पा आडवे. तिथं कसं करायचं?

विट्याच्या बाई

वाचून फार बरं वाटलं दादा. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

दातांच्या खुर्चीवर झोपल्यावर फोनचा उपयोग नाही. मशीन चालू असताना काहीच धड उमटत नाही, आणि आडवं पडून वाचणार कसं? म्हणून सगळं बोलणं खुर्चीवर बसायच्या आधी, टेबलाशी, मास्क खाली करायला सांगून उरकून घ्या. खुणा ठरवून घ्या. मी डावा हात वर करते, म्हणजे दुखतंय, थांबा. खांद्यावर दोनदा थोपटलं म्हणजे तोंड उघडा. दातांचे डॉक्टर या गोष्टी आनंदानं करतात.

पण त्याआधी हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी चिठ्ठी आणा. गोळी चालू ठेवायची की नाही, आयएनआर किती असला तर दाढ काढायची, आधी अँटिबायोटिक द्यायचं का. कृत्रिम झडप असलेल्या माणसाला दात काढायच्या आधी ते बहुतेक देतात. आपल्या मनानं गोळी बंद करून जाऊ नका, आणि दातांच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं तरी चिठ्ठीशिवाय नको. मागच्या तपासणीचा आयएनआरचा कागदही बरोबर न्या. चिठ्ठीवर त्या डॉक्टरांचा फोन नंबर लिहून घ्या, म्हणजे दातांच्या दवाखान्यातून काही विचारायचं झालं तर ते थेट त्यांनाच विचारतील.